धुळे, जळगाव आणि कानबाईची पंगत

दोन गावांतून एक निवडायचे असेल तर दोन्ही ठिकाणी एकेक दिवस राहून यावे. ऐकीव माहितीवर गाव ठरवणे म्हणजे दुकानदाराच्या सांगण्यावरून तांदूळ घेणे. दाणा चावून बघितल्याशिवाय मी तांदूळ घेत नाही.

आमच्यावर ही वेळ आली ती अशी. आमचे हे नाशिकच्या एका हायस्कुलात शिक्षक. एम. ए.ला विषय तर्कशास्त्र, पण शाळेत ते कोण शिकवू देणार, म्हणून इंग्रजीवर निभावत आलेले. या वर्षी जळगावच्या कॉलेजातून त्यांना विचारणा झाली, आणि आठवड्याच्या आत धुळ्याला नव्यानेच निघालेल्या कॉलेजातूनही झाली. जागा दोन्हीकडे तर्कशास्त्राची, रुजू दोन्हीकडे दिवाळीनंतर व्हायचे, आणि होकार दोघांनाही येत्या मंगळवारपर्यंत हवा. त्यानंतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

यांनी तीन आठवडे विचार केला. सकाळी चहाच्या वेळी धुळे बरे वाटे, रात्री जेवताना जळगाव. मधल्या वेळात नाशिकलाच काय वाईट आहे, असे म्हणत. दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या दिसणे हा त्यांच्या विषयाचा गुण असेल, पण त्या गुणावर बिऱ्हाड हलत नाही.

शेवटी मी श्रावणातले दोन दिवस आणि सोमवारची रजा अशी सहल आखली. शनिवार धुळ्याला, रविवार जळगावला. मुलीला तिच्या मामाकडे ठेवले. पाणी, घर, बाजार, दवाखाना, मुलींची शाळा असे काय काय बघायचे त्याची यादी केली आणि यांना एक गोष्ट निक्षून सांगितली. बघणे माझे, ठरवणे तुमचे. मी ‘हे घ्या’ किंवा ‘ते नको’ यातला एक शब्दही बोलणार नाही. मी निवडले आणि उन्हाळ्यात नळ आटले, तर जन्मभर उसासे मला ऐकावे लागले असते.

“म्हणजे तू काहीच सांगणार नाहीस?” हे दोनदा विचारून झाले.

शनिवार, धुळे

धुळ्याचे रस्ते पाहून माझे मन भरून आले. सरळ, रुंद, एकमेकांना काटकोनात छेदणारे. एका चौकात उभे राहिले की पुढचा चौक दिसतो, त्याच्या पुढचाही दिसतो. आमच्या नाशकात पत्ता सांगायचा म्हणजे पिंपळ, पार आणि कोणाची तरी गाय सांगावी लागते. इथे बोट दाखवले की झाले.

कॉलेज अजून नव्या नवरीसारखे बावरलेले होते. बाके येत होती, भिंतींना चुन्याचा वास होता. प्राचार्य मोठे उत्साही. त्यांनी यांना एका रिकाम्या वर्गात नेऊन म्हटले की या फळ्यावर पहिले अक्षर तुम्हीच लिहाल. हे खूश झाले. प्राचार्यांनी विचारले, मग येता ना? हे म्हणाले, बघू. मी फळ्याकडे बघत राहिले.

घर दाखवणारे गृहस्थ कोर्टातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. खाली ते, वर भाडेकरू. नळ कोणी किती वाजता सोडायचा, गच्चीवर मिरच्या कोणत्या बाजूला वाळत घालायच्या, जिना कोणत्या वारी कोणी धुवायचा, सगळे ठरलेले. इतका माझ्या मनासारखा माणूस मला माहेरीही भेटलेला नाही. स्वयंपाकघरात उजेड होता, फडताळाला दार होते, दाराला कडी होती आणि ती लागत होती. यादीतल्या एकेका गोष्टीपुढे खूण करताना मला गाणे म्हणावेसे वाटले. पण बोलायचे नव्हते. मी खोकले.

“बाईंना पसंत दिसतंय,” भाऊसाहेब म्हणाले.

“त्या काही म्हणणार नाहीत,” हे म्हणाले, “ठरवायचं मला आहे.” भाऊसाहेबांनी यांच्याकडे जरा काळजीने पाहिले.

दुपारी एका खानावळीत जेवलो. धुळ्याला जाणाऱ्यांसाठी एक सूचना लिहून ठेवते. खानावळीच्या बाईंनी “तिखट चालेल ना?” असे विचारले तर उत्तर नीट विचार करून द्यावे. यांनी “तुम्हाला योग्य वाटेल तसं” असे उत्तर दिले. बाईंना जे योग्य वाटले ते तांबड्या रश्शात शेव घालून आले. वर तेलाचा तवंग असा की त्यात आढ्याचे वासे दिसावेत. चव अप्रतिम होती हे मला दुसऱ्या घासापर्यंत कळले. यांना पहिल्याच घासाला उचकी लागली आणि ती काही केल्या थांबेना. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नाशिकची माणसं द्राक्षं खाऊन नाजूक झालीत, असे म्हणून त्यांनी गुळाचा खडा आणून यांच्या ताटात ठेवला. पुढे त्यांनीच भाकरीवर लोण्याचा गोळा घातला आणि त्याचा हिशेब केला नाही. शेवभाजी मी पुन्हा मागून घेतली.

संध्याकाळी पांझरेच्या काठी बसलो. पाऊस उघडला होता, नदीला गढूळ पाणी होते, पलीकडे म्हशी अंगावर ऊन घेत होत्या. हे म्हणाले, धुळं चांगलंच आहे. मी मान हलवली नाही. ते म्हणाले, पण जळगाव बघितल्याशिवाय कसं म्हणायचं? तेही खरेच होते. माझ्या यादीत मात्र धुळे इतके पुढे गेले होते की जळगावला गाठायला पळावे लागले असते.

रविवार, जळगाव

धुळ्याहून सकाळची एस. टी. धरली. पारोळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना कपाशी, काळ्या मातीत अगदी ओळीने उभी. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा बायकांचा घोळका चढला. हातात नारळ, डोक्यावर गाठोडी, नव्या हिरव्या बांगड्या. मी शेजारणीला विचारले तेव्हा कळले की नागपंचमीनंतरचा हा रविवार म्हणजे खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसायचा दिवस, आणि सगळे आपापल्या मूळ घरी चालले आहेत. आयता सण बघायला मिळणार म्हणून मी मनात म्हटले, दिवस छान निवडला आपण. इतका चुकीचा दिवस मी आयुष्यात निवडलेला नाही.

जळगावात यांच्या एका सहकाऱ्याने ज्यांचे घर सुचवले होते ते नाना आणि त्यांची बायको अक्का. शेती गावाकडे, घर शहरात, माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या. आम्ही येणार हे त्यांना कळवलेले होते. पण दारात पोचलो तर घरात लग्न असावे इतकी माणसे. ओटीवर बाप्ये, आत बायका, मधल्या खोलीत चौरंगावर फुलांनी मढवलेली कानबाई. हे ओटीवर पुरुषांत बसले. अक्का मला माडीवर घेऊन गेल्या. जिना उभा, स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लागेल असा अंधार, कडी मोडलेली. यादीत मी काही लिहिलेच नाही.

खाली आल्यावर पुरणाचा असा वास आला की भूक खवळली. मातीच्या पालथ्या खापरावर, मांडे असावेत तशा मोठाल्या पुरणपोळ्या भाजल्या जात होत्या. पलीकडे खीर, कटाची आमटी, गंगाफळाची, म्हणजे आपल्या लाल भोपळ्याची, भाजी. मी पदर खोचून म्हटले, अक्का, मी काय करू? पोळ्या लाटू?

अक्कांनी माझा हात धरला आणि एकदम रडवेल्या झाल्या.

मग त्यांनी सांगितले ते असे. या स्वयंपाकाला रोट म्हणतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, घरच्या जात्यावर दळतात, आणि त्या पिठाचे जे होईल ते फक्त त्या कुळातल्या माणसांनी खायचे. भाऊबंद चालतात, बाहेरचा चालत नाही. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा त्यांच्याकडे चालत नाही. कण घराबाहेर जाता कामा नये. हात धुतलेले पाणीदेखील अंगणातल्या खड्ड्यात ओततात.

मला गंमत वाटली. आमच्याकडे कुळधर्म म्हटला की सवाष्ण बाहेरून बोलवावी लागते, ब्राह्मण बाहेरून बोलवावा लागतो, ते जेवल्याशिवाय घरच्यांना घास नाही. इथे सगळे उलटे. पण अक्कांना गंमत वाटत नव्हती. खानदेशात पाहुणा उपाशी जाणे म्हणजे घराची अब्रू जाणे, आणि आज घरात सत्तर पोळ्या असताना आम्हाला देण्यासारखी एक नव्हती.

“शेजारी सांगू का?” अक्का म्हणाल्या, आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, “शेजारी पण रोट. समोर पण रोट.” सगळ्या आळीत त्या दिवशी आमच्यासाठी चूल मोकळी नव्हती. बायकांची सभा भरली. एकीने सुचवले की स्टेशनाजवळ गुजराथी भोजनालय आहे. दुसरी म्हणाली, पाहुण्याला पैसे मोजून जेवायला पाठवायचं, आणि मग गावात तोंड कुठं दाखवायचं? शेवटी ठरले की आम्हाला केळी, दूध आणि शेंगदाण्याचा लाडू असा फराळ द्यायचा आणि रात्री गुजराथ्याकडून डबा आणवायचा. मी म्हटले, उत्तम, आम्ही दोघेही केळ्यांचे भक्त आहोत. अक्कांना जरा हायसे वाटले. मी यांना तसे सांगावे म्हणून ओटीच्या दारापर्यंत गेले.

ओटीवर पंगत बसली होती. आणि पंगतीत, डावीकडून पाचव्या पाटावर, आमचे हे बसले होते.

पुढे सगळा उलगडा झाला तो इथेच सांगते. पंगत मांडली तेव्हा हे बाजूला उभे होते. गावाकडून आलेला एक चुलतभाऊ यांना म्हणाला, “या भाऊ, उभा काबर? पंगत बशी गई.” यांनी जन्मात कोणाला नाही म्हटलेले नाही. बसले. शेजारच्याने विचारले, कोणत्या गावचे? हे म्हणाले, नाशिकचे. भाऊबंद इतके, आणि वर्षातून एकदा भेटणारे, की डावीकडच्याला वाटले हा उजवीकडच्याच्या घरातला, नोकरीला नाशकात असेल. उजवीकडच्याला वाटले डावीकडच्याच्या. वाढणाऱ्याने वाढले. देवीला नैवेद्य दाखवून नाना आतच होते.

मी दारात पोचले तेव्हा यांची अर्धी पोळी संपली होती. तुपाचा ओघळ मनगटापर्यंत आला होता आणि चेहऱ्यावर अत्यंत समाधान होते. आमची नजरानजर झाली. यांनी ‘फार छान झालं आहे’ अशी मला खूण केली.

बोलायचे नाही असे मी ठरवले होते ते गाव निवडण्यापुरते. म्हणून मी हाक मारायला तोंड उघडले. माझ्या मागून अक्का आल्या. त्यांनी पाहिले आणि तशाच देवीकडे वळल्या.

मग जे व्हायचे ते झाले. पंगत थांबली. कोण, कुठले, कोणी बसवले याची चौकशी झाली. ज्या चुलतभावाने बसवले होते त्याला सगळे मिळून बोलू लागले. तो म्हणाला, ह्याचं नाक आपल्या कडूभाऊसारखंच शे, मी काय करू? दोघातिघांनी वाकून यांचे नाक पाहिले आणि त्यांना ते पटल्यासारखे दिसले. पण म्हातारे गंभीर होते. एक म्हणाला देवीचा कोप होईल, दुसरा म्हणाला सगळा रोट गेला, आता नव्याने दळा. बायका आत कुजबुजत होत्या. अक्का चौरंगासमोर हात जोडून बसल्या होत्या, आणि त्यांच्या खांद्यांकडे बघून मला कळले की हे हसण्यावारी न्यायचे नाही. वर्षानुवर्षे जपलेली गोष्ट आमच्या पायाने मोडली होती.

हे हातातला घास तसाच धरून बसले होते. खाली ठेवावा तर अन्नाचा अपमान, खावा तर गुन्हा.

नाना आतून आले. उंच, वाळलेले, कमी बोलणारे. त्यांनी आधी यांच्या पानाकडे पाहिले, मग अक्कांकडे. विचारले, कोणाकोणाची मूठ मोजली होती? अक्का हळूच म्हणाल्या, सगळ्यांची. गणपतचीही.

गणपत म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. सुरतेला गिरणीत असतो, आणि गेली काही वर्षे कानबाईला येत नाही. अक्का त्याची मूठ तरीही मोजतात, आणि ती कोणाच्या घशाखाली नीट उतरत नाही, असे मला नंतर एका सुनेने सांगितले.

नाना यांच्यासमोर उकिडवे बसले.

“मूठ गनपतनी व्हती,” ते म्हणाले. “खानार आज उना. रोट पोटमा गया, आते तो काय बाहेर येस? हाऊ आम्हना भाऊबंद शे. वाढा त्याले.”

म्हणजे गणपतच्या मुठीला आज खाणारा आला होता, आणि आमचे हे त्यांचे भाऊबंद झाले होते. मग त्या चुलतभावाने, “मी सांगत व्हतू ना, नाक,” असे म्हटले आणि ओटी हसली. अक्का उठल्या, यांच्यासमोर आल्या आणि आपल्या हाताने दुसरी पोळी वाढली.

त्यानंतर नानांनी नियम सांगितला. भाऊबंद झालास, तर दरसाल या रविवारी यायला हवे. जिथे असशील तिथून. तुझ्या नावाची मूठ मोजली जाईल आणि ती तूच खायची.

इथे आमच्या यांनी पानाकडे पाहिले, नानांकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण त्याआधी कोणत्याही प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही असे मला आठवत नाही.

“येईन,” हे म्हणाले. “म्हणजे, यायचं कशाला. मी इथंच राहणार आहे. जळगावातच.”

माझ्या डोळ्यांपुढून धुळ्याचे सरळ रस्ते गेले. भाऊसाहेबांचा जिना, लागणारी कडी, उजेडाचे स्वयंपाकघर, सगळे एकामागून एक गेले. मी यादीची घडी घालून ती कमरेला खोचली.

“मग आमची माडी?” अक्कांनी विचारले.

“भाऊबंदनं भाडं कसं लेवानं?” नाना म्हणाले. हे म्हणाले, फुकट मी राहणार नाही. नाना म्हणाले, भाडे मी घेणार नाही. दोघेही हटेनात. अशा रीतीने आम्हाला त्याच बैठकीत एक कुळ मिळाले आणि एक घर गेले. खरे सांगायचे तर त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरातून सुटल्याचा मला आनंद झाला. चुलतभावाने लगेच सांगितले की दोन घरे सोडून एक जागा रिकामी आहे, आणि मालक ऐकला नाही तर आम्ही सगळे जाऊन बसतो.

राहिले मी. भाऊबंदाची बायको म्हणजे घरची सून, तिने केळ्यांवर राहायचे कसे? बायकांच्या पंगतीत मला मधोमध बसवले. ती पोळी कशी होती हे लिहून सांगता येणार नाही. खापरावर भाजलेली, रुमालासारखी मऊ, एकीत दोन माणसे जेवतील एवढी. मी तीन खाल्ल्या. रोट पौर्णिमेच्या आत संपवावा लागतो, त्यामुळे जास्त खाणे हे तिथे पुण्य समजतात. असे पुण्य आमच्याकडे कोणी का काढले नाही, याचा मी जेवताना विचार करत होते.

सोमवार, मेहरूण

सकाळी कानबाई बोळवायची. आम्ही दुपारच्या गाडीने परत निघणार होतो, आणि त्याआधी यांना कॉलेजात जाऊन प्राचार्यांना होकार द्यायचा होता. नेहमीप्रमाणे मी बरोबर जाणार, बाहेर बाकावर बसणार, असे माझ्या डोक्यात होते.

पण मिरवणूक निघाली तेव्हा अक्का माझ्यापुढे आल्या. आळीतल्या प्रत्येक घरातून कानबाई निघत होती, डफ वाजत होता, पोरी फुगड्या घालत होत्या, वरून बारीक सर येऊन जात होती. अक्कांनी कपाळभर कुंकू लावले, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाल्या की घरात आलेल्या नव्या सुनेने चौरंग घ्यायचा असतो. मी त्यांना सांगितले, अक्का, मी पंचेचाळिशीची आहे. त्या म्हणाल्या, आमच्यात कालच आलीस.

चौरंग डोक्यावर आला. फुले, नारळ, दिवा, सगळा भार. दोन्ही हात वर गेले आणि तिथेच राहिले.

मेहरूणच्या तळ्याकडे जाताना एका चौकात रस्ता फुटतो. हे तिथपर्यंत पुरुषांबरोबर चालत होते. तिथे ते थांबले, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “तू जा देवीबरोबर. मी कॉलेजात जाऊन सांगून येतो.”

“एकटे?”

“एकटा.”

आणि वळले. तेव्हा मी त्यांना नीट पाहिले. कोटाची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. कपाळावर नानांनी फासलेला गुलाल नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलेला. टोपी त्यांनी त्या चुलतभावाची घातली होती, कानांवर बसणारी. अशा अवताराने हा मनुष्य तर्कशास्त्राचा प्राध्यापक म्हणून प्राचार्यांपुढे उभा राहणार होता, आणि भराभर पावले टाकत चालला होता. इतके भराभर चालताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

माझे हात शिवशिवले. हाक मारावी म्हणून मी मान वळवली तशी चौरंगावरची फुले घरंगळली.

“मान हलवू नको, सूनबाई,” मागून अक्का म्हणाल्या. “जाऊ दे त्याला. तू पुढे बघ.”

पोरींनी गाणे वर चढवले. मी पुढे बघून चालू लागले.